ग्लायडर ढगात नेता येतो का? फोनवरचं होरायझन ॲप पुरेल का?

तुम्ही हडपसरला ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवायला, शिकायला जाताय. ढगाखाली वर चढणाऱ्या हवेची छान उचल मिळते, तर तसंच वर ढगात शिरता येईल का आणि फोनवरचं आर्टिफिशियल होरायझनचं (विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज) ॲप पुरेल का, असं विचारलंय. मी वैमानिक नाही. हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, आता कोल्हापुरात असतो. जायरो (उपकरणातली गरगर फिरणारी चकती) हाताळण्यात आयुष्य गेलं, म्हणून ॲपचं आधी सांगतो: अजिबात नको.

पाण्याची बादली गरागरा उभी फिरवली तरी पाणी सांडत नाही. नीट घेतलेल्या वळणात तुमचंही तेच होतं. ग्लायडर ४५ अंश कललेला असतो, पण वजन सरळ सीटमध्येच उतरतं आणि अंगाला सगळं सपाट वाटतं. फोनमधला सेन्सरही त्याच बादलीत बसलेला. बराच वेळ घिरट्या घातल्या की त्याचं क्षितिजही चुकू लागतं.

तोल आणि फिरणं ओळखणाऱ्या कानाचं तर विचारूच नका. भाच्याला डोळे बांधून फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि एका लयीत सावकाश फिरवत राहिलो. थोड्या वेळाने म्हणतो, "मामा, थांबवली काय?" खुर्ची फिरतच होती. खरोखर थांबवली तेव्हा म्हणाला, "आता उलटी कशाला फिरवालाईस?" ढगात नेमकं हेच होतं. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांवर प्रयोग झाला. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, तोही सरासरी १७८ सेकंदांत.

टर्न अँड स्लिप, म्हणजे वळण दाखवणारं जायरोचं उपकरण, हातात धरून जागेवर गिरकी घेतली की काटा लगेच कलतो, आणि फिरत आहात तोवर कललेलाच राहतो. जायरो कानासारखा विसरत नाही. म्हणून ढगात तो किंवा खरा होरायझन लागतो. सोबत वेग आणि उंची दाखवणारी उपकरणं, व्हॅरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा), होकायंत्र, रेडिओ आणि भरवशाची बॅटरी. वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणाऱ्या पिटो नळीत बर्फ धरला की वेगाचा काटा खोटं बोलू लागतो, हेही धरून चाला.

नियमांचं थोडक्यात. आपल्याकडे ग्लायडिंग बाहेर बघूनच करायचं. नियंत्रित हवाई क्षेत्रात ढगापासून आडवं १५०० मीटर आणि उभं ३०० मीटर अंतर ठेवावं लागतं. युरोपात ढगात जाता येतं, पण परवान्यानंतर मुख्य वैमानिक म्हणून ३० तास, मग प्रशिक्षकासोबत निव्वळ उपकरणांवर किमान २ तास आणि शेवटी परीक्षा. ब्रिटनमधल्या क्लबांत पॅराशूट घातल्याशिवाय ढगात शिरायचं नाही. तिकडे ढगासाठी मंजूर ग्लायडरचे एअरब्रेकही (वेग रोखायला पंखांतून बाहेर निघणाऱ्या पट्ट्या) तसेच तगडे लागतात: ते उघडल्यावर ४५ अंशांत खाली सूर मारतानाही वेगाची कमाल मर्यादा ओलांडली जाता कामा नये.

तुम्हाला आत्ता लागणारी गोष्ट वेगळीच आहे. मोठ्या ढगाच्या तळाशी उचल कमी होईल असं धरून बसू नका, ती वाढतेही. तळ जवळ आला, कडा धूसर दिसू लागल्या की आणखी एक घिरटी नको. उजेड दिसतो त्या बाजूला सरळ निघा, आणि तरीही वर ओढले जात असाल तर एअरब्रेक उघडा. पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांना हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.