साडेचार हजारांची वाढ की सहा महिन्यांचा पगार?

प्रश्न : मी २८ वर्षांची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात अडीच वर्षं हिशेबाचं काम बघते, पगार २२,५००. पहिलं बाळ येतंय, डॉक्टरांनी १२ नोव्हेंबर तारीख दिलीय. नवी पेठेतल्या एका कापड दुकानातून २७,००० वर बोलावणं आलंय, १ जुलैपासून. मिस्टरांचा पगार २१,०००, घराचा हप्ता ९,२००, शिल्लक ६० हजार. नवे मालक म्हणतात, "रजेचं बघू नंतर." जाऊ का? सासूबाई म्हणतात, अंगणवाडीतून पाच हजार मिळतात, तेही घे.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. आणि आता सरळच सांगतो, १ जुलैला जाऊ नका.

पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची, हे सगळ्यांना माहीत असतं. ती कुणाकडून आणि कशाच्या जोरावर मिळते, तिथे घोळ होतो. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं, आणि तेही ज्या मालकाकडे रजेचा पगार मागायचा त्याच्याच आस्थापनेत. तुमची कारखान्यातली अडीच वर्षं नव्या दुकानात शून्य धरली जातात. बाळंतपणाच्या रजेचा १९६१ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण ८० दिवस आणि २६ आठवडे होते तिथेच आहेत.

आता कॅलेंडर घ्या. १ जुलैपासून महिन्याला २६ दिवस धरले तर सप्टेंबरअखेर ७८ होतात. म्हणजे ऑक्टोबर उजाडल्यावर कुठे ८० भरणार, तेही एक खाडा न करता. तारीख १२ नोव्हेंबर. जेमतेम सहा आठवड्यांचा गाळा उरतो. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी "पंधरा दिवस झोपून राहा" म्हटलं की त्यातलेही दोन आठवडे गेले, आणि बाळाला घाई झाली तर विषयच संपला. माझ्याकडे एक जण आल्या होत्या, त्यांच्या हजेरीपत्रकावर ७४ दिवस होते. मधे तापानं नऊ दिवस गेलेले. मालक वाईट नव्हता, पण सहा दिवस कमी पडल्यावर त्यानं कायद्याकडे बोट दाखवलं, आणि ते बोट चुकीचं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. त्या दुकानात माणसं किती? दुकानांना हा कायदा लागतो तो दहा किंवा जास्त कामगार असतील तरच. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी दहा असले तरी चालतं. कारखान्याला ही अट नाही. नवी पेठेत गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवणारे चौदा जण दिसतात, आणि मस्टर उघडलं की सहा नावं! दोन पुतणे, एक गावाकडचा पोरगा, दिवाळीपुरते घेतलेले दोघं, यांतलं कुणी कागदावर नसतं. हजेरी तिथे नसेल तर ८० दिवस सिद्ध कशानं करणार? पगार बँकेत जमा होतो की पाकिटात, तेही विचारा. "रजेचं बघू नंतर" या वाक्याला माझ्या लेखी किंमत नाही.

हिशेब मांडू. सगळं सुरळीत झालं तर जुलै ते ऑक्टोबर मध्य, साडेतीन महिने, म्हणजे १५,७५० जास्त. रजेचा पगार आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघतो, म्हणून सहा महिन्यांचे आणखी २७,०००. एकूण ४२,७५०. हुकलं तर आत्ता हक्काचे असलेले सहा पगार, १,३५,००० जातात. वाढीव पगाराचे पंधरा हजार वजा केले तरी सव्वा लाखाच्या घरात. चारांत एकदा हुकण्याची शक्यता असेल तर सौदा जेमतेम बरोबरीत सुटतो. मस्टरचा प्रश्न जमेस धरता इथे ती शक्यता मला त्याहून बरीच जास्त वाटते. आणि मिस्टरांच्या २१ हजारांतून ९,२०० चा हप्ता भागवून सहा महिने, नव्या बाळासकट, काढायचे म्हणजे तुमचे ६० हजार मधेच संपतील.

मग बोलावणं सोडून द्यायचं? अजिबात नाही. मालकांना सांगा, मेमध्ये येते. खरं कारणही सांगा. लपवायचा सल्ला देणारे भेटतील, पण नवी पेठेत शिंकलं तर जुळे सोलापुरात कळतं. चांगला हिशेबनीस हवा असेल तर ते थांबतील. नाही थांबले तर रजेच्या बाबतीत काय वागले असते, तेही कळलं. दरम्यान ते २७,००० कारखान्यात दाखवून पगारवाढ मागा. दीड हजार वाढले तरी ते रजेच्या पगारात उतरतात, फक्त वाढ रजेच्या तीन महिने आधी, म्हणजे आत्ताच व्हायला हवी.

रजेत असताना "घरबसल्या दुकानाचं जीएसटी बघता का" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. रजेच्या काळात दुसरीकडे काम केलं तर तेवढ्या काळाच्या लाभावर पाणी सोडावं लागतं.

पैसे कसे येतात ते माहीत असू द्या. बाळंतपणाआधीच्या भागाचा पगार गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ, आणि उरलेला बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत देय होतो. कंपनीनं मोफत वैद्यकीय सोय दिली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. तो बहुतेक जणी मागतच नाहीत.

तुमचा पगार २१,००० च्या वर, म्हणून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नाही. कारखान्यातल्या ज्या मैत्रिणी त्या मर्यादेत आहेत त्यांना मालकाऐवजी ईएसआयकडून पैसे मिळतात. तिथे बाळंतपण ज्या लाभ कालावधीत येतं त्याच्या आधीच्या दोन अंशदान कालावधींत, म्हणजे विम्याची वर्गणी भरण्याच्या सहामाहींत, मिळून ७० दिवसांचं अंशदान लागतं.

मिस्टरांच्या रजेचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. केंद्र सरकारच्या नोकरीत बाबांना १५ दिवस मिळतात, खासगीत कायद्यानं काहीच नाही. त्यांची हक्काची रजा गड्ड्याच्या जत्रेला उडवू देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखा.

सासूबाईंचे पाच हजार म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. पण कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्यांना ती नाही, म्हणजे तुम्हाला नाही. घरात कुणी विड्या वळणारी किंवा शिलाई करणारी गरोदर असेल, तर तिला मात्र अंगणवाडीत जरूर पाठवा.

रजा तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे सुरू करता येते, तुमच्या बाबतीत १७ सप्टेंबरपासून. प्रकृती ठीक असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत काम करा, म्हणजे बाळासोबतचे आठवडे वाढतील. सोनोग्राफीच्या कागदावर बाळंतपणाची अंदाजे तारीख असते, त्याची झेरॉक्स जोडून ऑगस्टमध्येच लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर त्यांच्या कारकुनाची सही आणि तारीख चालेल.