आधी चंदगडला जा

खानापूर तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलंय. मेथडिस्ट या ख्रिस्ती मंडळीत लहानाचे मोठे झालेले, पहाटे वचन वाचल्याशिवाय चहा न घेणारे, दशांश म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा भाग कधी न चुकवलेले. आई आधीच गेलेली. मागून वडीलही मृत्युपत्र न करता वारले. मागे भाताची थोडी जमीन राहिली. चंदगडला दिलेल्या बहिणीला बेळगावला बोलावून त्यांनी हक्कसोडपत्रावर सही घेतली. कागद कन्नडमध्ये होता आणि तिला कन्नड वाचता येत नाही. "उताऱ्यावरचं नाव बदलायचंय" एवढंच तिला सांगितलं. पुढं तिला खरं कळलं. ती भांडली नाही, पण नाताळला माहेरी आली नाही. वचन नुसतं ऐकू नका, त्याप्रमाणे वागा, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वाक्य उपासनेत वाचल्यापासून भावाला झोप नाही. ते विचारतात, "प्रार्थनामंदिराच्या नव्या छपराला मोठी रक्कम देऊ केलीय, तेवढ्यानं भागेल का? आणि तोवर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकरी आणि प्याला, घेऊ की नको?"

भाऊ, नाही भागणार. मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' हा शब्द येतो. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून सांगायचं आणि हात झाडून मोकळं व्हायचं, या रीतीवर प्रभू किती कडक बोलला ते वाचा. तिथं आईबापांची गोष्ट आहे, तुमच्याकडं बहिणीची, पण डाव तोच. तिच्या वाट्याच्या भाताच्या पैशातून देवळाचं छप्पर घालू नका.

प्रभुभोजनाचं म्हणाल, तर मत्तयच्या पाचव्या अध्यायातली २३ आणि २४ ही वचनं सावकाश वाचा. दान वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जा, असं तिथं आहे. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हणतो. दुखावलं कोण, त्यावर सगळं आहे. तुमची बहीण गप्प आहे म्हणून विषय मिटला, असं होत नाही. मात्र भाकरी-प्याल्यापासून महिनोन्‌महिने लांब राहणं हीही एक पळवाटच. दान तिथंच ठेवायला सांगितलंय, कारण माणूस परत येणार आहे.

मला सगळ्यात लागलं ते कागदाच्या भाषेचं. पंडिता रमाबाईंनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून झालं. साध्या बायाबापड्यांना वचन स्वतः वाचून कळावं, यासाठी ती सगळी खटपट. त्याच मराठीत वचन वाचणाऱ्या घरानं आपल्या लेकीला न कळणाऱ्या अक्षरांवर सही करायला लावावी? आपल्या सीमाभागात असे कागद रोज होतात, पण रोज होतं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

"लग्नात दिलं की तिला," असं तुमची बायको म्हणते. तिच्याशी आधी बोला, रागावू नका. तिच्या माहेरच्या जमिनीचं काय झालं, हेही विचारा. कदाचित तिचीही अशीच सही झाली असेल. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती बापाच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचे वाटे सारखेच आहेत. म्हणजे निम्मं तुम्ही बहिणीला दान देत नाही, तिचंच तिला परत करताय.

येत्या शनिवारी कागदाची नक्कल घ्या, बेळगावात गाडी बदला आणि शिनोळीवरून चंदगड गाठा. बायबल घरी ठेवून जा, वचनं ऐकवू नका. कागदात काय लिहिलंय ते तिला मराठीत ओळ न्‌ ओळ सांगा. "मी तुला फसवलं" हे शब्द तुमच्या तोंडून येऊ द्या. ती रडेल, कदाचित दारातूनच परत पाठवेल. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. वकिलाला विचारून वाटा तिच्या नावावर कसा करायचा ते ठरवा, आणि नवा कागद होईल तेव्हा तिच्या भरवशाचा, कन्नड वाचणारा माणूस तिच्याशेजारी बसू द्या.