हिरडीला छेद देऊन तारांचं काम खरंच लवकर उरकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, पुढचे दात बाहेर आलेले, चार उपदाढा (सुळ्यामागच्या लहान दाढा) काढून तारा लावायच्या आहेत. एका डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली. दुसऱ्या क्लिनिकने 'हिरडीत बारीक छेद देऊ, आठ महिन्यांत मोकळे व्हाल' असं सांगितलं. पुढच्या मे महिन्यात लग्न आहे, तर कोणाचं ऐकावं?

मी तारांचंच काम करतो. छेद दिल्यावर दात वेगाने सरकतात, यात खोटं काही नाही. त्यावरून मांडलेला आठ महिन्यांचा हिशेब मात्र मला पटत नाही.

दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये एक पातळ अस्तर असतं. तारेचा जोर पडला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी खाऊन टाकतात आणि मागच्या बाजूला नवं हाड भरत येतं. या पेशी आपल्या गतीनेच काम करतात, त्यामुळे सुळा मागे ओढताना महिन्याला साधारण १ मिमी चाल मिळते. 'डॉक्टर, जरा जास्त टाईट करा ना' म्हणणारे पेशंट रोज भेटतात. जोर वाढवला तर अस्तरातला रक्तपुरवठाच दबतो आणि दात काही आठवडे जागचा हलत नाही.

हाडाला मुद्दाम थोडी इजा करायची कल्पना जुनी आहे. १९५९ मध्ये कोले यांनी दातांच्या मधल्या हाडाला काप देऊन दात सरकवले. हाडाचा अख्खा तुकडाच दातासकट सरकतो, असा त्यांचा समज होता. १९८३ मध्ये फ्रॉस्ट या अस्थितज्ज्ञांनी दाखवलं की हाडाला इजा झाली की त्या भागातली मोडतोड आणि भरणी काही काळ झपाट्याने चालते. अमेरिकेतल्या ईरी गावच्या विल्को बंधूंनी २००१ मध्ये या दोन गोष्टींचा मेळ घातला. एक भाऊ तारांचा डॉक्टर, दुसरा हिरड्यांचा. सीटी स्कॅनमध्ये त्यांना दिसलं की तुकडा वगैरे काही सरकत नाही, कापाच्या आसपासच्या हाडातलं कॅल्शियम तात्पुरतं कमी होऊन ते मऊ पडतं आणि मग पुन्हा कडक होतं. त्यांच्या पद्धतीत हिरडी पूर्ण उचलायची, हाडाला काप द्यायचे, वर हाडाची भुकटी भरायची आणि टाके घालायचे. एवढी कापाकापी कोणाला हवी असते? म्हणून पुढे सौम्य प्रकार आले.

तुम्हाला जे सांगितलंय ते बहुधा पिझोसिजन असावं, २००९ मध्ये बोस्टनच्या दिबार यांनी मांडलेलं. भुलीचं इंजेक्शन देऊन दोन मुळांच्या मधोमध हिरडीला उभा बारीक छेद देतात. त्यातून कंप पावणारं पिझो टोक आत घालून हाडाला साधारण ३ मिमी खोल चीर पाडतात, वरून सलाइनची धार चालू असते. भुकटी भरायची नसेल तर बहुतेकदा टाकेही लागत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रूसारख्या टोकाने हिरडीतूनच हाडाला भोकं पाडायची.

आता हिशेब बघा. हाड मऊ राहतं ते साधारण तीन-चार महिने, आणि त्यातही सुरुवातीचे एक-दोन महिनेच खरे जोराचे. वाफसा आहे तोवर पेरणी उरकावी, तसं तेवढ्यात काम साधावं लागतं. तुमच्या केसमध्ये उपदाढ काढल्यावर एका बाजूला सुमारे ७ मिमी जागा उरेल. तीन महिने अगदी दुप्पट चाल मिळाली असं धरलं तरी तीन महिन्यांत ६ मिमी होतील, एरवी त्याला सहा महिने लागले असते. म्हणजे बचत तीन महिन्यांची. दोन वर्षांतून तीन महिने वजा केले तर आठ उरत नाहीत. शिवाय छेद तारा लावतानाच दिला, तर तो वेग वेडेवाकडे दात रांगेत आणण्यातच खर्ची पडतो. जागा बंद करायचं काम जाड स्टीलच्या वायरवर, म्हणजे त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी सुरू होतं. तेव्हा पुन्हा छेद देणार का, हे त्यांना नक्की विचारा. आणि या काळात दर दोन आठवड्यांनी जावं लागतं. महिन्यातून एकदाच सुट्टी मिळत असेल तर छेद दिल्याचा फायदा कसला?

पुरावा काय म्हणतो? भोकं पाडण्याच्या पद्धतीवर न्यूयॉर्कमध्ये २० जणांवर झालेला २०१३ चा अभ्यास फार गाजला, सुळ्याची चाल २.३ पट झाली म्हणून. पण ती मोजली होती २८ दिवसांची. पुढे २०१८ मध्ये जॉर्डनमधल्या चाचणीत तीच भोकं पाडून काहीच फरक दिसला नाही. या सगळ्या शस्त्रक्रियांचा कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०१५ चा आढावा आहे. त्यात निकषांत बसल्या त्या फक्त चार चाचण्या, मिळून ५७ पेशंट. थोडा वेग वाढलेला दिसला, पण एकूण उपचार किती लवकर संपले हे त्यातल्या एकाही चाचणीने थेट मोजलेलं नव्हतं. तुम्हाला हवं आहे ते तर नेमकं तेच.

धोके फार मोठे नाहीत, पण आहेत. दोन मुळं जवळ असतील तर चीर मुळाला लागू शकते, म्हणून त्याआधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, हवाच. नुसत्या ओपीजीवर (पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेवर) कोणी छेद द्यायला निघालं तर तिथून उठा. हसताना हिरडी दिसत असेल तर उभे व्रण दिसू शकतात. सिडनीतल्या २०१७ च्या अभ्यासात पिझोसिजन केलेल्या बाजूला मुळांची झीज जास्त आढळली. हाडं ठिसूळ होण्यावरची बिस्फॉस्फोनेट औषधं चालू असतील तर हा विचारच नको. आणि दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन घेऊ नका, ज्या सुजेमुळे वेग मिळतो तीच ते दाबतं. पॅरासिटामॉल चालतं.

मग हे कोणासाठी? मोठ्या वयात दातांची दाटी आहे, बाहेरच्या बाजूचं हाड कागदासारखं पातळ आहे, दात पुढे ढकलले तर हिरडी उतरेल अशी भीती आहे, अशा पेशंटला भुकटीसकट केलेली विल्कोंची पद्धत मी स्वतः सुचवतो. तिथे वेग हा वरचा फायदा, खरं कारण हाड वाढवणं.

तुमच्या जागी मी असतो तर छेद न देता आत्ताच सिरॅमिकचे ब्रॅकेट (तार धरायला दातांवर चिकटवतात ते दातांच्या रंगाचे तुकडे) लावून घेतले असते. पुढचे दात रांगेत यायला सहसा पहिले सहा-आठ महिने लागतात, त्यामुळे मेपर्यंत फोटोपुरते ते बरेच नीट दिसतील. उपदाढांच्या फटी गालाकडे असतात, त्या कोणी बघत नाही. लग्नाच्या आठवड्यात वायर आणि रंगीत रबरं काढून ठेवायलाही डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त पंधरा दिवसांत परत लावायला जायचं. वेळ वाया जातो तो बहुतेकदा चुकवलेल्या अपॉइंटमेंटमध्ये आणि चिक्की खाऊन निघालेल्या ब्रॅकेटमध्ये.