लिनक्स सर्व्हर दर काही दिवसांनी पॅनिक होऊन रीबूट होतो, लॉगमध्ये काहीच सापडत नाही. क्रॅश डंप कसा घ्यायचा आणि वाचायचा?

लॉग कोरा दिसतो, कारण तो लिहायला कुणी उरलेलंच नसतं. पॅनिक म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबणं. ते झालं की शेवटचे संदेश रॅममधल्या बफरमध्येच राहतात, ते डिस्कवर उतरवणाऱ्या प्रोग्रॅमची पाळी पुन्हा येत नाही, आणि रीबूटमध्ये सगळं जातं. म्हणून मशीन पडायच्या आधीच केडंप, म्हणजे पडतानाची मेमरी साठवून ठेवणारी सोय, लावून ठेवावा लागतो.

केडंपमागचा विचार समजून घ्या, पुढच्या अडचणी सोप्या होतात. पूर्वी कोसळलेला कर्नलच स्वतःची मेमरी डिस्कवर लिहायचा प्रयत्न करायचा. पण बिघाड डिस्कच्याच ड्रायव्हरमध्ये असला तर? २००५ साली २.६.१३ मध्ये लिनक्समध्ये दुसरी वाट आली. बूट होतानाच थोडी रॅम बाजूला राखायची, तिच्यात एक वेगळा कर्नल भरून ठेवायचा आणि पॅनिक झालं की बायोसकडे न जाता थेट त्यात उडी मारायची. पडलेल्या कर्नलची मेमरी जशीच्या तशी शाबूत असते. नवा कर्नल ती 'व्हीएमकोर' नावाच्या फाइलच्या रूपात समोर ठेवतो आणि 'मेकडंपफाइल' ती गाळून, कॉम्प्रेस करून साठवतं.

बूट पॅरामीटरमध्ये 'क्रॅशकर्नल'ला, म्हणजे त्या राखीव रॅमच्या आकड्याला, २५६ एमबीपासून सुरुवात करा, रीबूट करा, केडंपची सर्व्हिस चालू करा. मशीनमध्ये कार्डं आणि ड्रायव्हर भरपूर असतील तर एवढी जागा कमी पडते आणि डंप घ्यायला आलेला कर्नलच मेमरी संपून पडतो. मग आकडा वाढवा. 'पॅनिक ऑन ऊप्स' ही सेटिंग १ करायला विसरू नका. ती नसेल तर ऊप्स (कर्नलमधली, पण लगेच पॅनिक न होणारी चूक) झाल्यावर कर्नल बहुतेक वेळा ती एक प्रोसेस मारून तसाच लंगडत चालतो आणि खरा पॅनिक पुढे कुठेतरी भलत्याच ठिकाणी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मशीन स्वतः पाडून बघा. कामाची वेळ नसताना, 'सिंक' करून, रूटने 'प्रॉक'मधल्या 'सिसआरक्यू-ट्रिगर' फाइलमध्ये 'सी' हे अक्षर लिहा. मी एकदा ही चाचणी टाळली होती. तीन आठवडे वाट पाहिल्यावर पॅनिक आला आणि हाती लागली अर्धवट फाइल, कारण डंप लिहून व्हायच्या आतच हार्डवेअर वॉचडॉगने (मशीन अडकलं असं वाटलं की ते आपोआप रीसेट करणाऱ्या सोयीने) मशीन रीसेट केलं होतं. ते तीन आठवडे आजही मला सलतात.

डंप वाचायला 'क्रॅश' हे टूल आणि डीबग माहितीसकटचं 'व्हीएमलिनक्स', म्हणजे कर्नलची मूळ फाइल, लागतं, तेही अगदी त्याच बिल्डचं. उघडलं की आधी 'लॉग' (कर्नलचे शेवटचे संदेश), मग 'बीटी' (पडताना कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं होतं त्याची यादी) या कमांड द्या. आणि इथे घाई करू नका. पॅनिकमध्ये ज्या प्रोसेसचं नाव दिसतं ती बहुधा फक्त खड्ड्यात पडलेली असते, खड्डा खणणारा वेगळाच असतो.

माझ्याकडच्या एका सर्व्हरवर कधी डेटाबेस, कधी बॅकअप, कधी एसएसएच पडायचं. सगळ्यांचा संशय रॅमवर. तपासली, ठीक निघाली. तीन डंप शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की प्रोसेस वेगळ्या असल्या तरी तिन्ही वेळा बिघडलेलं ऑब्जेक्ट एकाच आकाराच्या स्लॅब कॅशमधलं (कर्नल एकसारख्या आकाराचे तुकडे जिथून वाटतो त्या साठ्यातलं) होतं. त्या कॅशवर मेमरीतल्या चुका पकडणारं 'स्लब डीबग' लावलं. ते चालू असताना मोकळी केलेली मेमरी ६बी या बाइटने भरली जाते. पुढच्या रिपोर्टमध्ये ६बी, ६बी, ६बी अशा रांगेत मध्येच एक ६ए होता. नेमका एकने कमी! म्हणजे ऑब्जेक्ट मोकळं झाल्यावरही कुणीतरी त्याचा रेफरन्स काउंट (ते किती जण वापरताहेत तो आकडा) उतरवत होतं. ते कुणी मोकळं केलं होतं हेही खालीच छापलेलं होतं: कर्नलच्या बाहेरून बसवलेला नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर. म्हणून एकाच डंपवर निकाल देऊ नका, दोन-तीन जमू द्या.

मदत मागताना पूर्ण व्हीएमकोर कुणाला पाठवू नका. 'मेकडंपफाइल'ला ३१ ही पातळी दिली की शून्य पानं, कॅश, यूजर प्रोसेसची पानं आणि मोकळी पानं गळतात, फाइल कितीतरी लहान होते. पण कर्नलच्या मेमरीत किल्ल्या आणि नेटवर्कवरून आलेला डेटा तरीही राहू शकतो. 'बीटी', लॉगचा शेवटचा भाग आणि त्यातली 'टेंटेड' शब्दाची ओळ एवढं इथे टाका. ती ओळ बाहेरचा ड्रायव्हर लोड झालेला आहे का ते सांगते, मी पहिल्यांदा तीच बघेन.