घर आजी-आजोबांजवळ, पण वस्ती परकी

“सासूसासरे पाच मिनिटांवर, मुलाला आजी-आजोबा मिळाले, सगळे म्हणतात तुझं बरं आहे. मग मला इथे करमत का नाही?”

हा प्रश्न वरचेवर येतो. या वेळी विचारणारी ३६ वर्षांची, पुण्यात वाढलेली. नवऱ्याचे आईवडील थकत चालले म्हणून कुटुंब मे महिन्यात गोव्यात पर्वरीला आलं. सासूसासऱ्यांचं जुनं घर सुकूरच्या एका वाड्यावर (वस्तीवर), यांचा भाड्याचा फ्लॅट तिथून ६०० मीटरवर. मुलगा ७ वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ती माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता आणि “तीन महिने झाले, अजून काय?” हे नवऱ्याचं वाक्य रोजचं झालं होतं.

नवरा त्याच वाड्यावर लहानाचा मोठा झालेला. त्याच्यासाठी हे घरी परतणं होतं, तिच्यासाठी बदली. हा फरक पहिल्याच बैठकीत दोघांसमोर मांडावा लागतो, नाहीतर “करमत नाही” या तक्रारीतून नवऱ्याला “तुझे आईवडील नकोत” एवढंच ऐकू येतं आणि तो बचावाला उभा राहतो.

पर्वरीचाही यात वाटा आहे. धड गाव नाही, धड शहर नाही. मधून महामार्ग, दोन्ही अंगांना उतारांवर वसाहती. गोव्याची विधानसभा इथे, पण संध्याकाळी चार माणसं सहज भेटतील असा चौक शोधावा लागतो. मोठ्या बाजाराला म्हापसा, कामाला मांडवीपलीकडे पणजी. त्यात मे महिन्यात आलेल्याचं खोक्यांतलं सामान लागेपर्यंत पाऊस सुरू होतो. पुढचे चार महिने फिरणं नाही, मुलांना मैदान नाही. ओळखी व्हायच्या नेमक्या त्या दिवसांत माणूस घरात, आणि घरात नसेल तर आजीच्या घरात.

उपाय सुचवण्याआधी आठवड्याचा कागद करून घेतला. सात दिवस, दिवसाचे सकाळ-दुपार-संध्याकाळ असे तीन भाग, म्हणजे २१ चौकटी. प्रत्येक चौकटीत एकच अक्षर: ‘घ’ म्हणजे आपलं घर, ‘आ’ म्हणजे आजीचं, ‘बा’ म्हणजे बाहेर. तिच्या कागदावर आ १२, घ ८, बा १. तो एक ‘बा’ म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, तोही सासूबाईंसोबत. कागद बघून ती म्हणाली, “म्हणजे मी इथे राहतच नाही, आईंकडे राहते.”

अडचण एवढीच होती. सासूबाई प्रेमळ, मदत भरपूर, पण वस्तीतली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातून तिच्यापर्यंत पोचत होती. नळाचा माणूस सासऱ्यांनी बोलावलेला, मासे सासूबाईंनी घेतलेले. पावाचंच बघा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत सकाळी येतो, तेव्हा फाटकाशी शेजारीपाजारी दोन मिनिटं थांबतात. कोणाकडे पाहुणे, कोणाचा ताप उतरला, ते तिथेच कळतं. इथे सासूबाई दोन्ही घरांचे पाव आपल्या दारात घ्यायच्या आणि सासरे पिशवी फ्लॅटच्या दाराला अडकवून जायचे. पाव मिळत होता, फाटक मिळत नव्हतं.

म्हणून पहिलं काम पाव. पोदेराला स्वतः सांगायचं: आमच्या इमारतीच्या फाटकाशी, रोज चार उंडे, रविवारी दोन पोयी जास्त (दोन्ही पावाचेच प्रकार). पैसे स्वतः द्यायचे. दुसरं काम, नळवाला आणि वीजवाला. नियम असा की सासऱ्यांनी एकदा सोबत येऊन ओळख करून द्यायची, नंबर तिच्या फोनमध्ये, दुसऱ्या वेळी फोन तिनेच करायचा. तिसरं, आठवड्यातून एकदा पणजीला एकटीने बसने. पणजी-म्हापसा मार्गावर खासगी बसगाड्यांची ये-जा असते, कारची वाट बघावी लागत नाही. पणजीतल्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, पावसाळ्यात मुलाला न्यायला इतकी चांगली कोरडी जागा दुसरी नाही.

कोकणी समजायची, पण “चुकले तर हसतील” म्हणून ती मराठीतच बोलायची. समोरचाही मराठीत उत्तर द्यायचा, आणि ती पाहुणीच राहायची. तिला सगळी भाषा नको होती, पाचसात वाक्यं पुरे होती: “हांव हांगाच रावतां”, “कितले जाले?” (किती झाले?), “फाल्यां येतां” (उद्या येते), “देव बरें करूं” (आभार). पहिलं वाक्य सगळ्यात उपयोगी. मी इथेच राहते, हे ती स्वतःच्या तोंडाने बोलत होती.

यानंतर बिघडलं. आजीकडच्या चौकटी कमी करायच्या हे ठरलं होतं, पण नवऱ्याने ते रात्री जेवताना जाहीर केलं, वर “समुपदेशकांनी सांगितलंय” असंही जोडलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आमी परकीं जालीं मगो?” चूक दुहेरी होती. तिऱ्हाइताचं नाव मधे आणलं की म्हाताऱ्या माणसांना घरातली गोष्ट चव्हाट्यावर गेल्यासारखं वाटतं. आणि काढून घेण्याआधी काही दिलं नव्हतं. आधी पक्कं द्यायचं, मग सैल असलेलं कमी करायचं, हा क्रम मोडला की भांडण ठरलेलं.

दुरुस्ती अशी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळा सुटल्यापासून पाचपर्यंत नातू आजी-आजोबांचा. आणायला आजोबाच जाणार, त्यात बदल नाही. रविवारचं जेवण तिथेच. हे तीन आठवडे न चुकता पाळल्यावर रात्रीची जेवणं एकेक करून स्वतःच्या घरी आणली, कसलीही घोषणा न करता. ठरलेला वार हातात असला की आजी-आजोबा न ठरलेल्या वेळेची मागणी आपोआप कमी करतात, असं बहुतेक घरांत दिसतं. त्यांनाही दुपारची झोप हवीच असते.

मुलाचं म्हणणं होतं, “मी आजीकडेच राहतो.” आईला ते लागलं, पण कारण साधं होतं: तिकडे मोबाइल आणि हवं तेव्हा खाऊ. दोन्ही घरांचे सगळे नियम सारखे करायला जाऊ नये. कोणत्या घरात काय चालतं हे मुलांना चटकन कळतं. दोनच नियम दोन्हीकडे एक ठेवले, झोपायची वेळ आणि स्क्रीनची वेळ. लाडू किती, यावर वाद नाही.

मित्र मिळवतानाही आजीचं घर कामाला आलं, फक्त उलट्या दिशेने. दर बुधवारी वाड्यावरचा किंवा वर्गातला एकच मुलगा बोलवायचा, दीड तासासाठी, आजीच्या सोप्यावर, कॅरम मांडून. एकच, कारण तीन आले की दोघांची जोडी जमते आणि नवा बाजूला पडतो. दीड तासच, कारण त्यानंतर मुलं दमतात, भांडतात आणि पुढच्या वेळी नाही म्हणतात. पाचव्या बुधवारी आलेल्या मुलाच्या आईने या मायलेकांना चहाला बोलावलं.

सगळ्याच घरांत एवढ्यावर भागत नाही. झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, कशातच रस उरला नाही, तर हे नुसतं नव्या जागेचं दुखणं समजू नये. मूल रोज शाळेच्या वेळीच पोट दुखतं म्हणत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, मग शाळेत काय चाललंय ते विचारावं. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

डिसेंबरमध्ये तिने कागद पुन्हा भरला: आ ७, घ १०, बा ४. चावीचा प्रश्न मात्र राहिला आहे. फ्लॅटची जादा चावी सासूबाईंच्या कपाटात असते आणि ती दुपारी झोपलेली असताना त्या अजूनही दार उघडून आमटीचा डबा ठेवून जातात. आधी फोन करा, हे कोणी सांगायचं यावर नवराबायकोचं एकमत नाही. सांगायचं मुलाने, सुनेने नाही, आणि डब्याचं कौतुक करून झाल्यावर. नवरा म्हणतो, शिगमो (गोव्यातला शिमगा) झाला की सांगतो.