सूर्य जवळ असूनही जानेवारीत भाजी का रखडते? (कृषी सल्ला)

गोराईच्या एका बागायतदारांनी विचारले आहे : "जानेवारीत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो, असे मुलाच्या पुस्तकात वाचले. मग नेमकी त्याच महिन्यात आमची वांगी का रखडतात?" आरेच्या कडेला असलेल्या एका पाड्यावरून एका ताईंचा प्रश्न आहे की, दक्षिणेला टॉवर उभा राहिल्यापासून थंडीत वाफ्यावर ऊनच पडत नाही, उन्हाळ्यात मात्र पडते, हे कसे? रुळांलगत भाजी करणाऱ्या एका भाऊंचा लाल माठ पावसाळ्यात लांबुळका आणि फिकट होतो. तिघांच्याही अडचणीचे मूळ ऊन पिकापर्यंत कसे पोचते यात आहे, म्हणून उत्तर एकत्रच देतो.

पुस्तकातले खरे आहे. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या सुरुवातीला 15.2 कोटी. हे अंतर कापायला प्रकाशाला सरासरी 8 मिनिटे 20 सेकंद लागतात. वाटेतल्या पोकळीत त्याला अडवणारे जवळजवळ काहीच नसते, तो फक्त पसरत जातो. वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सरासरी 1361 वॅट ऊर्जा पोचते, आणि जुलैपेक्षा जानेवारीत ती साधारण 7 टक्के जास्त असते. पण पिकाच्या हिशेबात हे 7 टक्के कुठल्या कुठे जातात, कारण खरी काटछाट शेवटच्या काही किलोमीटरच्या हवेत होते.

ओझोन अतिनील किरणे शोषतो, पाण्याची वाफ उष्णतेचे किरण शोषते, हवेचे रेणू निळा प्रकाश चहूकडे उधळतात. सूर्य डोक्यावर असेल आणि आकाश स्वच्छ असेल, तर जमिनीवर सुमारे 1000 वॅट उरतात. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असला की किरणांना दुप्पट हवा कापावी लागते. शिवाय ते तिरपे पडल्याने तेवढेच ऊन दुप्पट जमिनीवर वाटले जाते. म्हणून सकाळी साडेसातचे कोवळे ऊन तासाला तास मोजू नका. पिकाचे पोट भरते ते दहा ते तीनच्या उन्हावर.

मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य 47-48 अंशांच्या वर चढत नाही आणि दिवस जेमतेम 11 तासांचा असतो. त्यात थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते आणि बांधकामांची धूळ तिच्यात उशिरापर्यंत अडकून राहते. गोराईची वांगी रखडतात ती यामुळे, रात्रीच्या गारव्याची भर धरून. पानांवर धुळीचा थर दिसला तर सकाळी साध्या पाण्याने फवारून धुवा. संध्याकाळी नको, रात्रभर ओल राहिली की बुरशी आलीच.

आता ताईंचा टॉवर. वीस मजली, म्हणजे सुमारे 60 मीटर उंच इमारतीची 22 डिसेंबरची माध्यान्हीची सावली उत्तरेकडे 55 मीटर जाते. एप्रिलच्या मध्याला तीच 10 मीटरवर येते, आणि मेच्या मध्याला सूर्य बरोबर माथ्यावर आल्याने जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा यंदा डिसेंबरात सावलीच्या टोकाला खुंट्या ठोकून ठेवा. वेळ मात्र 12 ची नव्हे, साधारण 12 वाजून 35 मिनिटांची धरा. आपली घड्याळे पूर्वेकडच्या, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर चालतात, त्यामुळे मुंबईत माध्यान्ह उशिरा होते. खुंट्यांच्या आतल्या पट्ट्यात थंडीत पालक, मेथी, कोथिंबीर घ्या, त्यांचे चार-पाच तासांच्या उन्हावर भागते. मिरची, टोमॅटो, वांगी यांना सहा ते आठ तास लागतात, ती खुंट्यांबाहेर. इमारत काही हलणार नाही, वाफे हलवता येतात.

माठाचे दुखणे ढगांचे आहे. पंचांगात सर्वांत मोठा दिवस जूनचा, सव्वातेरा तासांचा, पण दाट ढगांखाली भर दुपारी 200 वॅटही मिळत नाहीत. उजेड कमी पडला की रोप त्याच्या शोधात उंच जाते, खोड नाजूक राहते, रंग भरत नाही. अशा वेळी बरेचजण फिकट पान पाहून युरिया वाढवतात. ते टाळा. उन्हाअभावी नत्र पिकाला पचत नाही, पानांत नायट्रेट साठते आणि कीड-रोगाला आमंत्रण मिळते. त्यापेक्षा पेरा विरळ ठेवा. ढगाळ प्रकाश सगळीकडून येतो, मोकळी जागा असेल तर तो खालच्या पानांपर्यंत शिरतो. हिरवी शेडनेट लावलेली असेल तर जूनमध्येच काढून गुंडाळून ठेवा. ढगाखाली जाळी म्हणजे रोपाची दुहेरी उपासमार.

जाळी टाकून मात्र देऊ नका. पाऊस सरला की धुतलेल्या हवेतून ऑक्टोबरचे ऊन थेट येते आणि ढगांखाली वाढलेली कोवळी पाने करपतात. तेव्हा पहिले चार-पाच दिवस दुपारपुरती जाळी धरा आणि रोज थोडी थोडी उशिरा लावत सवय करा.