दवाखाना टाकलास, आता कळवायची सवय लाव

पलूसला दवाखाना टाकलास, बरं केलंस. फर्निचर होईल सावकाश. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेट आणि त्यांचा नंबर टेबलाच्या काचेखाली ठेव. काही आजारांचे पेशंट आले की सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं.

क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खाजगी डॉक्टरलाही सक्तीची आहे. थुंकी निगेटिव्ह असली, नुसत्या एक्स-रेवरून गोळ्या सुरू केल्यास, तरी निक्षयवर, म्हणजे सरकारच्या क्षयरोग पोर्टलवर, नोंद करायचीच. ‘गावात बोभाटा होईल’ असं मीही म्हणायचो. बोभाटा नोंदीनं होत नाही रे, कंपाउंडरच्या तोंडानं होतो. त्याला आधी समज दे. आणि पेशंटला सांग, पोषण आहाराचे पैसे नोंद असेल तरच खात्यावर येतात.

खरी घाई लहान पोरांची. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर ‘पोलिओ गेला की आता’ म्हणून गप्प बसू नकोस. लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांत शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात, तेही किमान २४ तासांच्या अंतरानं. संशय आला की आरोग्य केंद्राला फोन. खात्री करणं त्यांचं काम.

कृष्णेचं पाणी ओसरल्यावर एकाच गल्लीतले तिघे-चौघे जुलाबानं आले, तरी तसंच. रिपोर्टची वाट बघू नकोस.

केसपेपरवर त्रास सुरू झाल्याची तारीख आणि मोबाईल नंबर हवाच. ऊसतोडीची माणसं असतील तर कोपीचा (राहत्या झोपडीचा) पत्ता, मुकादमाचा नंबर आणि मूळ गावही लिही. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी रातोरात निघून जाते.